घरात माती कोण खातं?

त्या पोरीला मी घरातून हाकललं, हे खरं हाय. झाडू घेऊन तिच्या अंगावर धावले, हे मात्र साफ खोटं. झाडू माझ्या हातात नुसता होता, मी तो उगारलाबी नाय. पण आमच्या शेजारच्या चंपाबाईनं गावभर सांगताना तो झाडू पार तिच्या पाठीत घातला. चंपाबाईला गोष्ट सांगायला दिली की ती परत येताना लेकरंबाळं घेऊनच येती.

आमची वस्ती पैठण रोडला. चितेगाव मागं टाकलं की डाव्या हाताला आत वळायचं. दहा एकर जमीन हाय, दोन म्हशी हायेत. माझा लेक विश्वजीत कंपनीत शिफ्टला जातो. मालक, म्हंजी आमचे आप्पासाहेब, एकेकाळचे सरपंच. आता नायेत, पण बाजेवर बसायची पद्धत अजून सरपंचाचीच हाय. आणि सून तनुजा. पोरगी गुणाची, पण नशिबानं लई छळलं तिला. लग्नाला सहा वर्षं झाली, मागच्या चार वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळंला तिसऱ्या महिन्यात गेले. आता तिसऱ्यांदा राहिले होते आणि चौथा महिना लागला होता. चौथा! मी बोटावर दिवस मोजायची. तिला पाण्याची कळशी उचलू देत नव्हते. बाजारच्या भाजीवर काय काय फवारतेत म्हणून मी दारापुढं स्वतःच्या हातानं पालक लावला होता, हिरवागार, तळहाताएवढं एकेक पान. रोज दोन टायमाला तिला पालक. "आत्या, आज नको ना," म्हणली की मी म्हणायची, "तुला नको असंल, पोटातल्याला हवा हाय. गप खा."

अशात एक दिवस सकाळी ती पोरगी आली. स्कुटीवरून, पाठीला दप्तर. नाव अमृता. शहरातल्या विद्यापीठात शिकती म्हणली. इकडच्या जमिनीत जड धातू किती हायेत आणि त्यानं माणसाच्या तब्येतीला धोका किती, असला तिचा अभ्यास.

मालकांनी तिला बाजेसमोर खुर्ची दिली. माजी सरपंचाकडं कुणी कागद घेऊन आलं की त्यांची छाती दोन इंच फुगती. मी चहा टाकला. पोरगी एकेक प्रश्न वाचायची आणि खुणा करायची. घरात माणसं किती? चार. पाणी कुठलं? बोअरचं. वजन किती?

"वजन कशाला?" मी आतूनच विचारलं. "मी काय काट्यावर चाललेला ऊस हाय?"

"नाही काकू, गणित असतं त्यात," ती हसली. मग पुढचं वाचलं, "कुटुंबातील सदस्यांचे दैनंदिन मृदा-अंतर्ग्रहण."

"काय?" मालक म्हणले.

"मृदा-अंतर्ग्रहण, आजोबा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. पोरगी बिचारी गांगरली. आमच्यावर दया येऊन तिनं सोपं करून सांगितलं. "म्हणजे आजोबा, तुमच्या घरात माती कोण खातं? आणि रोज साधारण किती खातं?"

अगं बाई! माझ्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

माती खाणं म्हंजी काय, ते आमच्या पोराटोरालाबी कळतं. नको तो उद्योग करून चारचौघांत इज्जत घालवणं, ती माती खाणं. आणि विचारलं कुणाला? तर आप्पासाहेबांना! चार वर्षांमागं हे सरपंच होते तवा ओढ्याकाठी एकानं भट्टी घातली होती. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि त्यातलं शिसं वितळवायचं. ह्यांनीच त्याला ग्रामपंचायतीचा दाखला दिला. मग धूर काय, खोकला काय, दोघांच्या शेळ्या मेल्या. लोक बेजार झाले, ग्रामसभा भरली. सगळे म्हणले, सरपंचानं पैसे खाल्ले. हे उठले, देवाची शपथ घेतली आणि खणखणीत आवाजात बोलले, "मी एक रुपया खाल्लेला नाय! मी त्याच्याकडून फक्त माती घेतली!"

खरंच फक्त माती घेतली होती. आमचं अंगण खोलगट होतं, पावसात तळं व्हायचं. भट्टीवाल्यानं काळी राखाडी माती फुकट दिली, सहा ट्रॉल्या. ह्यांना फुकट म्हणलं की गुळाचा वास येतो. पण भर सभेत असं बोलल्यावर लोक काय सोडतेत? भट्टी बंद झाली, हे निवडणुकीत आपटले, आणि शाळेच्या भिंतीवर कुणीतरी चुन्यानं हातभर अक्षरात लिहिलं, आप्पासाहेबानं माती खाल्ली. दोन पावसाळे गेले तरी ते पुसलं नव्हतं. चुना चांगल्या प्रतीचा होता.

आणि ही पोरगी विचारती, रोज किती!

मालक उठून उभेच राहिले. मग मीच बाहेर आले, दाराजवळचा झाडू सहज हातात आला. "ए बाई, कुणी पाठवलं तुला? कुणाच्या पार्टीची हाईस? आमच्या दारात बसून, आमचा चहा पिऊन, आम्हालाच विचारती?"

"काकू, चहा अजून दिला नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"आता देतबी नाय! ऊठ!"

ती दप्तर सावरत फाटकापर्यंत गेली, पण लई चिकट. तिथं खाली वाकून अंगणातली चिमूटभर माती तिनं प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि मागं वळून म्हणली, "काकू, तुमच्या अंगणात शिसं असण्याची शक्यता आहे. लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तिला मातीपासून जपा. हा माझा नंबर." कार्ड कुंपणाच्या दगडावर ठेवून गेली. मी ते फेकणारच होते, पण मागची बाजू कोरी दिसली म्हणून फळीवर ठेवलं. गॅसवाल्याचा नंबर लिहायला बरं पडतं.

संध्याकाळपर्यंत गावात झालं. आप्पासाहेबाच्या घरी सरकारी बाई आल्ती, किती माती खाल्ली ते मोजायला. मालक दोन दिवस पारावर गेले नायेत.

आता तुळशीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं.

माझं माहेर देवगाव रंगारी, कन्नड तालुक्यात. माझा भाऊ अप्पाराव तिथं शेती करतो. आम्ही हे घर बांधलं तवा मी हट्ट धरला की माझी तुळस माझ्या माहेरच्या मातीत लागंल. अप्पारावाच्या विहिरीजवळची दोन पोती माती भरली आणि एसटीनं आणली. कंडक्टर म्हणला, "मावशी, पोत्यात काय?" मी म्हणलं, "माती." तो म्हणला, "तुमच्या गावात मिळत नाय व्हय?" अख्खी गाडी हसली. त्याच मातीत तुळस लावली, त्याच मातीनं कट्टा लिंपला, आणि उरलेलं अर्धं पोतं दरवर्षी लिंपायला ठेवलं. मालकांना तेवढंच निमित्त. माहेराचा विषय निघाला की ह्यांचं ठरलेलं असायचं, "तुझ्या देवगावात मातीबिगर हाय तरी काय?" तीस वर्षं ऐकते हाय मी हे.

तर त्या पोरीला घालवल्यावर आठवडाभरानं मला दिसलं, तुळशीच्या कट्ट्याचा एक कोपरा कुणीतरी कुरतडलाय. मी लिंपून घेतला. दोन दिवसांनी परत कुरतडलेला! मालक म्हणले, "घूस हाय." लगेच सरपंचकी अंगात आली. पिंजरा आणला, त्यात भजं लावलं. घुशीनं भजं सोडलं आणि माती खाल्ली. मग बोंबील लावला, तरी मातीच. मालक म्हणले, "असली घूस मी जन्मात बघितली नाय."

मी म्हणलं, "तुमच्या पार्टीची आसंल."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मालक घोरत होते, विश्वजीत ड्युटीवर. मी म्हशींना पाणी पाजून आले तर तुळशीच्या मागं कुणीतरी उकिडवं बसलेलं. बघते तर तनुजा! नखानं कोपरा खरवडायची, चिमूट जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून चघळायची. अशी तृप्ती माझ्या पुरणपोळीनं कधी तिच्या तोंडावर आली नव्हती.

"तनू! माती खायलीस?"

ती दचकली आणि रडायलाच लागली. "आत्या, मला राहवत नाय. कट्ट्यावर पाणी पडलं की असा वास येतो ना... कुणाला सांगू नका. यांना तर नकाच. आधीच लोक मामांना माती खाल्ली म्हणतेत, आता सून बी खाती म्हणतील."

खरं सांगते, आधी मला हसू आलं. मी तिला जवळ घेतलं. "येडे, डोहाळे हायेत हे. विश्वजीतच्या वेळंला मी चुलीचा एक अख्खा कान खाल्ला होता. सासू म्हणली, भांडं का कलंडतंय गं? मी म्हणलं, उंदीर. रड नको."

तीबी हसली. दातांवर माती होती.

आणि मला फाटकात वाकलेली ती अमृता आठवली. शिसं. गरोदर बाई असेल तर जपा. मी तिथंच कट्ट्याला धरून बसले. दोन गेले होते. दोन्हीच्या वेळंला मी देवाला दोष दिला, तनूच्या तब्येतीला दिला, एकदा तर तिच्या माहेराला बी दिला. अंगणात पसरलेल्या त्या सहा ट्रॉल्यांकडं माझं कधी ध्यानच गेलं नव्हतं. मी तनूला चूळ भरायला लावली, एकदा, दोनदा, पाचदा. ती म्हणली, "आत्या, काय झालं?" मी म्हणलं, "काय नाय. दात खराब होतेत."

दुसऱ्या दिवशी चष्मा करायचा म्हणून घरी सांगितलं आणि फळीवरचं कार्ड घेऊन शहरात गेले. विद्यापीठ म्हंजी केवढं! आत शिरल्यावरबी अर्धा कोस चालावं लागतं. विचारत विचारत त्या पोरीच्या खोलीपर्यंत पोचले. मला दारात बघून ती उभीच राहिली आणि पहिल्यांदा माझ्या हाताकडं बघितलं.

"झाडू नाय आणला," मी म्हणलं. "बस. मला तो प्रश्न परत विचार."

"कुठला, काकू?"

"तोच. माती कोण खातं."

तिनं भीतभीत विचारलं. मी वाटेभर ठरवून आले होते. सुनेचं नाव घ्यायचं नाय, लेकीसारखी हाय ती, तिची चव्हाट्यावर शोभा नको. मी म्हणलं, "मी खाते."

"तुम्ही?"

"व्हय. आवड हाय मला. रोज लिंबाएवढी."

पोरीनं काहीच आश्चर्य दाखवलं नाय, लिहून घेतलं. शिकलेल्या माणसाचं हे मला आवडतं. मग तिनं सांगितलं की फाटकाजवळच्या मातीची तपासणी झालीय. साध्या जमिनीत शिसं वीस-पंचवीस असतं, आमच्या अंगणात अठराशे निघालं.

"आता धोका काढू," ती म्हणली. "मातीत किती आहे, तुम्ही किती खाता, किती दिवस खाता, याचा गुणाकार. आणि त्याला तुमच्या वजनानं भागायचं. वजन किती?"

"चौऱ्याहत्तर," मी म्हणलं. आज लपवण्यात अर्थ नव्हता.

तिनं आकडे मांडले. मी कागदाकडं बघत होते. "वजनानं भागायचं म्हंजी जाड माणसाला धोका कमी?"

"त्या गणितात तसंच येतं, काकू."

"मग चौऱ्याहत्तरच्या जागी सत्तेचाळीस टाक की."

ती थांबली. "का?"

"टाक तर. बघू काय येतं."

तिनं टाकलं. आकडा चढला. मी म्हणलं, "आणि साठीच्या जागी वय सव्वीस."

अमृतानं पेन खाली ठेवलं. खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "काकू, कितवा महिना आहे त्यांना?"

मग काय, माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. घूस, पिंजरा, बोंबील, दोन गेलेली लेकरं, सगळं. "त्या भट्टीच्या मातीनंच गेली का गं ती?" मी विचारलं. ती माझा हात धरून म्हणली, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही, काकू. पण शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, आणि त्याला एवढं चालतं असा आकडाच नाही. वहिनींचं रक्त उद्याच तपासायला द्या. मी सकाळी मशीन घेऊन येते."

सकाळी मी तनूला विश्वजीतबरोबर दवाखान्यात धाडलं, रक्त देऊन ती दहापर्यंत परत आली. तोवर अमृताबी पोचली. मशीन म्हंजी हुबेहूब बंदूक, तोंड खाली करून जमिनीला लावायची आणि घोडा दाबायचा. आमचे मालक न्हाणीतून बाहेर आले तर दारात बंदूकवाली! त्यांनी टॉवेल सोडून दोन्ही हात वर केले. टॉवेल सोडला म्हंजी खांद्यावरचा. कमरेचा होता. चंपाबाई सांगती ते खरं नाय.

"आजोबा, हात खाली करा, हे माती तपासायचं यंत्र आहे," अमृता म्हणली.

"परत माती!" मालक ओरडले. मी त्यांना बाजेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. तनू कट्ट्याला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून. मालक तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर अंगणाकडं गेली.

अमृतानं आधी बंदूक तुळशीच्या कट्ट्याला लावली, त्या कुरतडलेल्या कोपऱ्याला. यंत्र टुकटुक करायला लागलं. मी मनात देवगावच्या सगळ्या देवांना हाक मारली.

"एकोणीस," अमृता म्हणली. तिनं परत लावली. "अठरा. काकू, ही माती स्वच्छ आहे! कुठली आहे?"

"कुठली?" मी ओरडलेच. "माझ्या माहेरची! देवगाव रंगारीची!"

तनू हमसून रडायला लागली. मी तिचे मुके घेतले, अमृताचे घेतले, चुकून चंपाबाईचेबी घेतले, ती कुंपणावरून कवाच आत आल्ती. आणि मग मी मालकांसमोर उभी राहिले. "काय म्हणत होतात? माझ्या देवगावात मातीबिगर हाय काय? माती हाय! तुमच्या घराण्याचं लेकरू राखील अशी माती हाय! तीस वर्षं हसलात. हसा की आता!" मी लई बोलले. अप्पारावाच्या विहिरीपासून निघाले ते माझ्या पणजोबापर्यंत गेले. एवढी मी लग्नातबी मिरवले नव्हते.

मी बोलतच होते आणि अमृता अंगणभर बंदूक लावत फिरत होती. फाटकाजवळ अठराशे. बाजेखाली पंधराशे. मग ती माझ्या पालकाच्या वाफ्याजवळ बसली. टुकटुक झालं. तिनं परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"काकू," ती म्हणली, "इथं अडीच हजारच्या वर येतंय. हा पालक कोण खातं?"

मी वळून वाफ्याकडं बघितलं.

तनूनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. ती पोरगी एवढी गुणाची की त्या वेळंलाबी माझं नाव घेतलं नाय. अमृता हळू आवाजात सांगत होती. पालेभाजी जमिनीतलं शिसं ओढून घेती, पानाला धूळ बसती ती वेगळीच, दोन पाण्यानं धुवून जात नाय. मला अर्धंच ऐकू येत होतं. दोन टायमाला पालक. गप खा. पोटातल्याला हवा हाय. ती चोरून खायची ते अमृत होतं, आणि मी मायेनं वाढायची ते विष होतं. मी वाफ्यात गेले आणि दोन्ही हातांनी पालक उपटायला लागले. उपटता उपटता रडत होते. मालक कधी शेजारी येऊन बसले कळलं नाय. तेबी उपटत होते. अमृता मागून ओरडत होती, "काकू, हातमोजे! आजोबा, म्हशीपुढं टाकू नका!"

चार दिवसांनी रक्ताचा कागद आला. नऊ. डॉक्टरीणबाई म्हणली, पाचाच्या आत पाहिजे, पण वेळेवर आलात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि त्या अंगणापासून, त्या भाजीपासून लांब ठेवा म्हणली. त्याच दिवशी तनूला चार कपड्यांनिशी देवगावला अप्पारावाकडं धाडलं.

अंगणाचं काय करायचं, हे अमृतानं सांगितलं. ही माती उकरून ओढ्यात टाकायची नाय, कुणाच्या शेतात तर नायच नाय. धूळ उडू नये म्हणून पाणी मारून दाबायची, वर जाड कापड अंथरायचं, त्यावर हातभर चांगली माती आणि मग फरशी. चांगली माती म्हणल्यावर मालकांनी गावात चार ठिकाणी विचारलं. लोक म्हणले, "आप्पासाहेब, अजून भूक भागली नाय व्हय?" शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"अगं, अप्पारावाला फोन लावती का?"

"कशाला?"

"माती पाहिजे होती."

मी फोन लावून त्यांच्याच हातात दिला. तिकडून अप्पाराव काय म्हणला ते मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणला, "दाजी, आमच्याकडं मातीबिगर हाय तरी काय? पाहिजे तेवढी न्या." मालक "व्हय व्हय" करत राहिले. तीस वर्षांचं उत्तर त्यांनी दोन मिनिटांत ऐकून घेतलं आणि ट्रॅक्टर घेऊन स्वतः गेले.

दीड महिन्यानं दुसरा कागद आला. पाच. डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफीत लेकराचं काळीज चालताना दाखवलं. म्हणली, वाढ चांगली हाय, जन्मल्यावर त्याचंबी रक्त बघत राहू, ढिलाई करायची नाय. सहावा महिना लागला होता. मी आता बोटावर मोजत नाय, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजते, बोटं पुरंनात.

तनू परत आली तवा अंगणात फरशी झाली होती. तुळशीचा कट्टा तेवढा तसाच ठेवलाय, कोपरा कुरतडलेला. माती खाऊ नको असं डॉक्टरीणबाईनं बजावलंय, चांगली असली तरी. तनू येता जाता वास घेती आणि माझ्याकडं बघून हसती.

त्याच आठवड्यात अमृता आली. अर्धवट राहिलेला फॉर्म पुरा करायचा होता. या खेपेला मी आधी चहा दिला आणि तो तिनं पूर्ण प्यायल्याशिवाय कागद काढू दिला नाय. मालक बाजेवर, तनू उंबऱ्यात, मी जमिनीवर. कुंपणापलीकडं चंपाबाई धुतलेलीच भांडी परत धूत होती. अमृतानं भराभरा प्रश्न विचारले आणि एका ओळीवर येऊन पान उलटलं.

"मधला एक राहिला की," मी म्हणलं.

"तो नको, काकू. तो मी सरांना सांगून बदलून घेणार आहे."

"बदल नंतर. आज विचार."

तिनं मालकांकडं बघितलं. मग कागदाकडं बघत, अगदी बारीक आवाजात म्हणली, "तुमच्या घरात माती कोण खातं?"

मी तोंड उघडलं होतं. ताटात पालक वाढणारी मी होते, माझंच नाव आधी पाहिजे होतं. पण मालकांनी हात वर केला, सभेत करायचे तसा. कुंपणापलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

"मी," ते म्हणले. मोठ्यानं म्हणले, चंपाबाईला नीट ऐकू जाईल असं. "लिही, पोरी. आप्पासाहेबानं खाल्ली. आणि घराला खाऊ घातली."

चार वर्षांत पहिल्यांदा. ग्रामसभेत नाय, निवडणुकीत नाय, माझ्याजवळसुद्धा कधी नाय. त्यांचे डोळे भरले होते आणि ते तनूकडं बघत नव्हते. तनू उठली, पाण्याचा तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "घ्या, मामा," म्हणली.

अमृतानं लिहिलं. मग पेन पुढच्या रकान्यावर ठेवून थांबली. तिथं छापलेलं होतं, रोज किती मिलिग्रॅम.

"किती लिहू, आजोबा?"

मालकांनी तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या.

"सहा ट्रॉल्या," ते म्हणले.

आणि त्या पोरीनं तसंच लिहिलं.